बेने इस्रायल आणि पुराव्याचें ओझें

पेण म्हटलें म्हणजे गणपतीच्या सुबक मूर्ति डोळ्यांसमोर उभ्या राहतात. परंतु याच गांवांत यहुदी लोकांचें एक सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर आहे, आणि दक्षिणेस रोह्यासमोर, कुंडलिकेच्या दुसऱ्या तीरावर, अष्टमी येथेंही तसेंच एक आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. हीं मंदिरें बेने इस्रायल समाजाचीं. पूर्वजांचें गलबत नवगांवच्या किनाऱ्याजवळ फुटलें आणि त्यांतून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला समाज वाढला, असें त्यांची परंपरा सांगते. घाण्यावर तेल गाळणें हा त्यांचा जुना धंदा. शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारीपाजारी त्यांस 'शनवार तेली' म्हणत. भाषा मराठी, आणि आडनांवें गांवांवरून पडलेलीं : पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर, दिवेकर.

या लहानशा समाजानें १९६४ सालीं आपल्या मानवी हक्कांसाठीं परक्या नव्हे, तर स्वतःच्या मानलेल्या देशांत लढा दिला. त्याचें मूळ समजण्यासाठीं दोन कायदे ध्यानांत घेतले पाहिजेत.

पहिला कायदा प्रवेशाचा. इस्रायलचें राज्य १९४८ च्या मे महिन्यांत स्थापन झालें, आणि ५ जुलै १९५० रोजीं तेथील लोकसभेनें, म्हणजे क्नेसेटनें, 'परतीचा कायदा' मंजूर केला. जगांतील कोणत्याही यहुद्यास इस्रायलमध्यें येऊन स्थायिक होण्याचा हक्क त्यानें मिळाला. त्या सुमारास भारतांत बेने इस्रायल लोकांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. मुंबईंतून व कुलाबा जिल्ह्यांतून, म्हणजे आजच्या रायगडांतून, कुटुंबेंच्या कुटुंबें निघालीं. येथें त्यांचा कोणी छळ केला नव्हता. धर्मभावना आणि नव्या जीवनाची आशा त्यांना तिकडे घेऊन गेली. सर्वांचीच आशा फळाला आली नाहीं. वर्णावरून भेदाची वागणूक मिळते, अशी तक्रार करून कांहीं जणांनीं १९५१ सालीं धरणें धरलें व भारतांत परत पाठविण्याची मागणी केली. त्यांतील कांहीं १९५२ सालीं परत आलेही.

दुसरा कायदा विवाहाचा. १९५३ च्या कायद्यानें इस्रायलमधील यहुद्यांचे विवाह व घटस्फोट धार्मिक न्यायालयांच्या कक्षेंत गेले. आपल्याकडे नोंदणी-विवाह होतो, तशी सोय तेथें नाहीं. परिणाम असा झाला कीं, ज्याला पहिल्या कायद्यानें यहुदी म्हणून आंत घेतलें, त्याचेंच यहुदीपण लग्नाच्या वेळीं पुन्हां तपासलें जाऊं लागलें.

रब्बींची, म्हणजे यहुदी धर्मशास्त्र्यांची, शंका काय होती, हें सांगितलें पाहिजे. यहुदी धर्मशास्त्राप्रमाणें घटस्फोटास नवऱ्यानें पत्नीच्या हातीं दिलेलें विधियुक्त पत्र लागतें. तें नसतां स्त्रीनें दुसरा संसार मांडला, तर त्या संबंधांतून झालेल्या संततीस समाजांत सर्वसामान्यपणें लग्न करतां येत नाहीं. हा निर्बंध पुढील पिढ्यांसही लागू राहतो. बेने इस्रायल समाज शतकानुशतकें विद्वान रब्बींपासून दूर कोंकणांत राहिला. तेव्हां त्याच्यांत असे दोष नकळत घडले असतील, ही ती शंका. तरीही मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम यांच्या काळांत, १९६१ च्या ऑक्टोबरांत, धर्मपीठानें या समाजाशीं विवाह करण्यास हरकत नाहीं, असा निर्णय दिला. मात्र १९६२ च्या फेब्रुवारींत जे नियम निघाले, त्यांनीं एका हातानें दिलेलें दुसऱ्या हातानें काढून घेतलें. बेने इस्रायल व्यक्तीचा विवाह नोंदवितांना तिच्या मातृकुळाची, शक्य तितक्या मागील पिढ्यांपर्यंत, चौकशी करावी, असें त्यांत नांव घेऊन म्हटलें होतें.

आतां पाहा, पेण-रोह्याकडील तेल्याच्या नातीनें पणजीच्या लग्नाचा कागद आणावा कोठून? असा कागद मुळांत लिहिलाच गेला नव्हता. आमच्यांत घटस्फोट क्वचितच होत, असें हे लोक सांगत. पण न घडलेल्या गोष्टीचा पुरावा कोणी द्यावयाचा? मुख्य आक्षेप याहूनही खोल होता. शंका कोणत्याही देशांतून आलेल्या कुटुंबाविषयीं निघूं शकते. मग नांव एकाच समाजाचें कां? १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यांत विवाह करण्याचा व कुटुंब स्थापण्याचा हक्क सर्व सज्ञान स्त्रीपुरुषांस वंश, राष्ट्रीयत्व वा धर्म यांच्या बंधनावांचून मान्य केलेला आहे. ज्याच्या लग्नास चौकशीची अट, त्याचें नागरिकत्व अर्धेंच राहतें.

१९६४ च्या उन्हाळ्यांत बेने इस्रायल लोक ठिकठिकाणांहून जेरुसलेमला जमले व धरणें धरून बसले. इस्रायलच्या वृत्तपत्रांनीं या प्रश्नाची दखल घेतली. ऑगस्टांत क्नेसेटनें खास बैठक भरवून, हा समाज सर्व बाबतींत यहुदीच आहे व त्याचे हक्क इतरांबरोबरीचे आहेत, असें घोषित केलें. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांचें सरकार त्यांच्या पाठीशीं उभें राहिलें. त्याच महिन्याच्या अखेरीस धर्मपीठानें नियमांतून 'बेने इस्रायल' हें नांव काढलें. चौकशीचा नियम राहिला, तो ज्याच्या कुळाविषयीं शंका असेल त्या कोणालाही लागू होईल, अशा शब्दांत. अडवणुकीच्या तक्रारी त्यानंतरही अधूनमधून येत राहिल्या; परंतु संपूर्ण समाजावर लागलेला बट्टा पुसला गेला.

प्रवेशाचा कायदा आणि विवाह यांची अशी गांठ दक्षिण आफ्रिकेंतही पडली होती. १९१३ च्या मार्चमध्यें केप प्रांताच्या न्यायालयानें बहुपत्नीत्व मान्य असलेल्या धर्मांच्या रीतीनें झालेले विवाह अमान्य ठरविले, आणि हिंदी मनुष्याच्या पत्नीस पत्नी या नात्यानें तेथें प्रवेश मिळणें अशक्य झालें. त्या अपमानामुळें कस्तुरबांसह अनेक स्त्रिया सत्याग्रहांत उतरल्या व तुरुंगांत गेल्या. १९१४ च्या कायद्यानें ते विवाह मान्य करावे लागले. तेथें गोऱ्यांचें राज्य होतें, येथें स्वधर्मीयांचें. परंतु संसारावर संशय घेतला गेल्याचें दुःख एकच होतें.

आज बेने इस्रायल समाजाचा मोठा भाग इस्रायलमध्यें आहे, आणि २०१६ सालीं महाराष्ट्र सरकारनें येथें उरलेल्या यहुद्यांस अल्पसंख्याकांचा दर्जा दिला आहे. त्यांच्या लढ्यापासून घेण्यासारखा धडा सर्वांस उपयोगी पडेल. परदेशांतून येणाऱ्यांविषयींचा कोणताही नियम वाचतांना तो दार उघडतो कीं लावतो, एवढेंच पाहून भागत नाहीं. आंत आल्यावर पुराव्याचें ओझें कोणाच्या डोक्यावर ठेवलें आहे, तें सर्वांच्या डोक्यावर सारखें आहे काय, आणि तें उचलणें माणसाच्या आंवाक्यांतलें आहे काय, हे तीन प्रश्न विचारले पाहिजेत. बेने इस्रायल समाजानें धर्मनियम मोडण्याची मागणी केली नाहीं. तो सर्वांस एकाच मापानें लावा, एवढेंच म्हटलें. त्यांच्या मागणीचें बळ याच मर्यादेंत होतें.