कवळी बसवली तरी भाकरी चावता येत नाही? नेमकं कुठे अडतं आणि काय करता येतं?

नवी कवळी बसली की चेहरा भरलेला दिसतो, बोलणं स्पष्ट होतं, फोटोत मनमोकळं हसता येतं. खरी अडचण सुरू होते ती ताट समोर आल्यावर. भाकरीचा घास तोंडात फिरतच राहतो, खालची कवळी उचलली जाते, शेंगदाण्याचा कण कवळीखाली जाऊन टोचतो. चार दिवसांनी कवळी डबीत जाते आणि खाण्यात उरतो मऊ भात, चहा आणि बिस्किटं.

अनेक घरांमध्ये 'आता वयच झालंय' असं म्हणून हा विषय संपवला जातो. पण यातल्या बहुतेक अडचणींमागे ठोस कारण असतं आणि त्यावर उपायही असतो.

कवळीने चावणं वेगळं का वाटतं?

नैसर्गिक दात जबड्याच्या हाडात रोवलेला असतो. त्याच्या मुळाभोवती बारीक तंतूंचा थर असतो. घास किती कडक आहे, किती जोर लावायचा, भातात खडा आला का, हे याच थरातून मेंदूला कळतं. दात पडला की हा थरही जातो.

पूर्ण कवळी हिरड्यांवर फक्त टेकलेली असते. हिरडी मऊ असल्यामुळे ती फार दाब सोसू शकत नाही. म्हणूनच पूर्ण कवळी वापरणाऱ्यांचा चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या साधारण पाव हिस्सा किंवा त्याहूनही कमी असतो. कवळी उत्तम बनलेली असली तरी हा फरक राहतोच.

'वरची ठीक आहे, खालचीच बसत नाही' ही तक्रारही नेहमीची. वरची कवळी टाळूवर पसरलेली असते आणि लाळेच्या पातळ थरामुळे चिकटून राहते. खालची कवळी घोड्याच्या नालेसारखी असते. तिला टेकायला जागा कमी, त्यात जीभ सतत हलत असते. रक्तदाब, ॲलर्जी किंवा नैराश्यावरच्या काही औषधांमुळे तोंड कोरडं पडत असेल, तर पकड आणखी सैल होते. अशा वेळी जेवणाआधी आणि जेवताना घोट घोट पाणी प्यायल्याने मदत होते.

सुरुवात कशी करायची?

कवळीने खाणं ही नव्याने शिकण्याची गोष्ट आहे. गाल, ओठ आणि जिभेच्या स्नायूंना सवय व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागू शकतात.

पहिले काही दिवस मुगाची खिचडी, घट्ट वरण-भात, पिठलं, उपमा असे मऊ पदार्थ घ्यावेत. मग पोळीचे छोटे तुकडे आणि त्यानंतर भाकरी. या काळात दोन सवयी लावून घ्यायला हव्यात.

पहिली, घास दोन्ही बाजूंच्या दाढांखाली थोडा थोडा ठेवून चावायचा. एकाच बाजूने चावलं की कवळी दुसऱ्या बाजूने उचलली जाते.

दुसरी, पुढच्या दातांनी काहीही तोडायचं नाही. पेरू किंवा मक्याचं कणीस पुढच्या दातांनी तोडायला गेलं की कवळी मागच्या बाजूने सुटते. फळ चिरून घ्यावं, कणसाचे दाणे काढून उकडून खावेत.

आवडीचे पदार्थ सोडायचे का?

बहुतेक पदार्थ सोडावे लागत नाहीत, त्यांचं रूप बदलावं लागतं.

भाकरी: ताजी, गरम भाकरी आमटीत, रश्शात किंवा दुधात कुस्करून खावी. शिळी, वातड भाकरी त्रास देते.

शेंगदाणे: अख्खे दाणे टाळावेत. कूट करून भाजीत किंवा कोशिंबिरीत घालावं.

काकडी, गाजर: फोडींऐवजी किसून किंवा चोचवून घ्यावं.

मटण, चिकन: मोठ्या तुकड्यांऐवजी खिमा किंवा अगदी मऊ शिजवलेले बारीक तुकडे.

तीळ, पेरूच्या बिया: बारीक कण कवळीखाली शिरतात. खाल्ल्यावर कवळी काढून धुवावी.

चिक्की, सुपारी, ऊस: हे मात्र टाळलेलंच बरं. चिकट पदार्थ कवळी ओढून काढतात आणि कडक पदार्थांनी ती तडकू शकते.

दोन बाबतींत जास्त सावध राहायला हवं. वरची कवळी टाळू झाकते, त्यामुळे चहा किंवा आमटी किती गरम आहे हे पटकन कळत नाही आणि घसा भाजू शकतो. माशाचा काटाही टाळूला जाणवत नाही, म्हणून मासे खाताना काटे आधी हाताने काढून घ्यावेत.

दुखत असेल तर सहन करायचं का?

नाही. नव्या कवळीने सुरुवातीला एखाद्या जागी घासून फोड येणं नेहमीचं आहे. दंतवैद्य तेवढा भाग घासून देतात. जाण्याआधी काही तास कवळी लावून ठेवावी, म्हणजे नेमकी जागा दिसते. घरी कानस किंवा ब्लेडने कवळी घासू नये.

वर्षानुवर्षं नीट बसणारी कवळीही सैल होते, कारण दात गेल्यावर जबड्याचं हाड हळूहळू झिजत जातं. अशा वेळी कवळीला आतून नवं अस्तर लावता येतं किंवा ती नवी करावी लागते. चिकटवणारी पेस्ट ही तात्पुरती सोय आहे. खालची कवळी काही केल्या टिकत नसेल, तर जबड्यात दोन इम्प्लांट बसवून तिला आधार देता येतो.

रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवावी. उकळत्या पाण्याने तिचा आकार बिघडतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानमधल्या एका अभ्यासात ८५ वर्षं आणि त्यापुढच्या ५२४ ज्येष्ठांची पाहणी झाली. कवळी लावूनच झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका दुपटीहून अधिक आढळला.

घरच्यांनी काय लक्षात ठेवावं?

चावता येत नाही म्हणून डाळी, भाज्या, फळं, मांसाहार कमी झाला की प्रथिनं आणि तंतू कमी पडतात. वजन घटतं, अशक्तपणा येतो, बद्धकोष्ठता वाढते. चहा-बिस्किटांवर भागवणाऱ्या मधुमेहींची साखरही बिघडते. आजी-आजोबा 'भूक नाही' म्हणत असतील, लग्नाच्या पंगतीला यायचं टाळत असतील, तर कवळी टोचते का, हे आधी विचारावं. अनेक ज्येष्ठ संकोचाने स्वतःहून सांगत नाहीत. शिवाय कवळीने जेवायला वेळ लागतो, त्यामुळे त्यांना घाई करू नये.

खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांमध्ये चौकशी करता येईल. तिथे खासगी दवाखान्यांपेक्षा कमी शुल्क आकारलं जातं. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांसाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतल्या साधनांमध्ये चष्मा, श्रवणयंत्र यांच्यासोबत कवळीचाही समावेश आहे.