घर गमावलेल्या मुलाने वसविलेले शहर

जमिनीचा धंदा करणाऱ्या माणसाविषयी समाजाच्या मनात सहसा आदर नसतो. शेतजमीन स्वस्तात घ्यावी, तिचे भूखंड पाडावेत आणि भाव चढला की विकून मोकळे व्हावे, असा हा व्यवहार. वस्तीच्या हिताचा विचार त्यात झालाच तर मागाहून होतो. ९ एप्रिल १९९६ रोजी वयाच्या ८१ व्या वर्षी निधन पावलेले जेम्स राउस हे अमेरिकन गृहस्थ याच धंद्यातले. नफा मिळविणे त्यांनी कधी गैर मानले नाही. तरीही त्यांचे जीवन मुद्दाम आठवावे असे आहे. जमिनीच्या वाढत्या मोलावर हक्क कोणाचा, हा अर्थशास्त्रातला जुना प्रश्न त्यांच्या आयुष्यात पुनःपुन्हा उभा राहिला आणि त्याला त्यांनी एकाहून अधिक उत्तरे दिली.

राउस यांचा जन्म १९१४ चा, मेरिलंड राज्यातील ईस्टन या लहानशा गावातला. पाच भावंडांत ते धाकटे. १९३० साली, महामंदीच्या प्रारंभीच, त्यांची आई व वडील दोघेही निवर्तले आणि राहते घर गहाणकर्जापायी गेले. सोळा वर्षांच्या मुलाचे छत्र आणि छप्पर एकाच वर्षी नाहीसे झाले. काही काळ हवाई बेटांत बहिणीच्या आश्रयाने शिक्षण झाले. पुढे बाल्टिमोर शहरात दिवसा मोटारी उभ्या करून ठेवण्याच्या जागी नोकरी आणि रात्री कायद्याचा अभ्यास असा क्रम चालला. १९३७ मध्ये पदवी मिळाली. घरबांधणीच्या कर्जांना सरकारी हमी देणाऱ्या खात्यात काम केल्यानंतर १९३९ मध्ये त्यांनी एका भागीदारासह स्वतःची पेढी काढली. ही पेढी गहाणकर्जाचीच होती. ज्या व्यवहाराने त्यांचे घर नेले, तोच त्यांच्या उपजीविकेचा झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मध्यमवर्ग शहर सोडून उपनगरांकडे निघाला. या लाटेवर अनेकांनी संपत्ती मिळविली. न्यूयॉर्कजवळ १९४७ पासून ‘लेव्हिटटाउन’ उभारणाऱ्या विल्यम लेव्हिट यांनी कारखान्यातील मालाप्रमाणे एकसारखी हजारो घरे बांधली. पण ती कृष्णवर्णीयांना विकली जात नसत. राउस यांनीही या लाटेचा लाभ घेतला. १९५८ मध्ये बाल्टिमोरच्या दक्षिणेस त्यांनी छताखालचे व्यापारसंकुल बांधले. अमेरिकेतील अशा आरंभीच्या संकुलांपैकी ते एक होय. उपनगरातील या बाजारांनी जुन्या शहरातील पेठा ओस पाडल्या, हे नाकारता येणार नाही. पुढे बोस्टनमध्ये १९७६ साली आणि बाल्टिमोरच्या बंदरावर १९८० साली जुन्या शहरांच्या मध्यभागी पुन्हा गजबज आणणारे बाजार राउस यांनीच उभे केले. जे आपल्या हातून मोडले, ते सांधण्याचा हा उद्योग होता, असे म्हणावे लागेल.

त्यांचे मुख्य कार्य मात्र कोलंबिया हे नवे शहर. १९६२-६३ मध्ये बाल्टिमोर आणि वॉशिंग्टन यांच्या दरम्यान सुमारे १४ हजार एकर शेतजमीन त्यांच्या कंपनीने एका विमा कंपनीच्या भांडवलावर विकत घेतली. भाव सरासरी एकरी दीड हजार डॉलरच्या आसपास पडला. खरेदी निरनिराळ्या नावांनी आणि पूर्ण गुप्ततेने झाली. खरा ग्राहक कोण हे फुटले असते, तर भाव अर्थातच वाढले असते. व्यापारी नीतीत हे बसते. परंतु आपल्या शेताच्या जागी शहर उठणार आहे, हे विकणाऱ्याला ठाऊक नव्हते, ही गोष्टही हिशेबात धरली पाहिजे.

जमीन हाती आल्यावर राउस यांनी जे केले, ते या धंद्यात विरळा. आराखड्याला हात घालण्यापूर्वी त्यांनी शिक्षण, आरोग्य, मानसशास्त्र, समाजशास्त्र अशा विषयांतील जाणकारांना एकत्र बसविले. परिपूर्ण शहर उभारणे, भूमीचा मान राखणे, माणसाच्या वाढीला वाव देणे आणि नफा मिळविणे, अशी चार उद्दिष्टे त्यांनी जाहीर केली. चौथे उद्दिष्ट त्यांनी लपविले नाही, यातच त्यांचा प्रामाणिकपणा आहे. शहर मोजण्याचे त्यांचे माप म्हणजे कुटुंब. प्रत्येक वस्तीत मुलांना चालत जाता येईल अशी प्राथमिक शाळा असावी. अशा काही वस्त्या मिळून एक ‘गाव’ व्हावे. त्यात दुकाने आणि सभागृह असावे. निरनिराळ्या पंथांनी एकाच वास्तूत प्रार्थना करावी. पत्रपेट्यासुद्धा दारोदार न लावता एकत्र ठेवल्या. हेतू हा की, पत्र घ्यायला आलेल्या शेजाऱ्यांनी दोन शब्द बोलावेत. लहानपणीच घर हरपलेल्या माणसालाच असे तपशील सुचत असावेत.

१९६७ च्या जूनमध्ये शहराचे उद्घाटन झाले. घरांच्या विक्रीत वर्णभेद करण्यास बंदी घालणारा संघराज्याचा कायदा व्हायला अजून एक वर्ष होते. कोलंबियात मात्र पहिल्या दिवसापासून कोणत्याही वर्णाच्या कुटुंबाला घर घेता येत असे. आज तेथील लोकसंख्या एक लाखाहून अधिक आहे.

येथेच अर्थशास्त्राने आपला हिशेब पुढे केला. जॉन स्टुअर्ट मिल आणि हेन्री जॉर्ज यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिले होते की, जमिनीचे मोल मालकाच्या श्रमाने नव्हे, तर भोवतालच्या समाजामुळे वाढते. कोलंबियात वाढलेल्या मोलाचा बराच भाग तळी, उद्याने, पायवाटा यांच्या रूपाने समाजाकडे परतला. पण या सुखसोयींनीच घरांच्या किमती चढविल्या. चांगले शहर वसवावे, तर ते गरिबाच्या आवाक्याबाहेर जाते. १९७० च्या दशकातील मंदीत व्याजाचा बोजाही कंपनीच्या मानेवर बसला.

हे कोडे राउस यांनी ओळखले. १९७३ मध्ये वॉशिंग्टनमधील एका चर्चच्या सभासद स्त्रियांनी गरीब भाडेकरूंसाठी दोन मोडकळीस आलेल्या इमारती घेण्याचे ठरविले, तेव्हा कर्ज मिळविण्याच्या कामी त्यांनी साहाय्य केले. त्यांचा पहिला विवाह टिकला नाही. १९७४ मध्ये त्यांनी पॅट्रिशिया यांच्याशी विवाह केला आणि १९८२ मध्ये या दांपत्याने ‘एंटरप्राइज’ ही अल्प उत्पन्न गटाच्या घरांसाठी झटणारी संस्था स्थापिली. अशा घरांत भांडवल गुंतविणाऱ्यास करसवलत देणाऱ्या १९८६ च्या कायद्यासाठीही त्यांनी खटपट केली. ज्या वयात धंद्यातली माणसे नातवंडांसाठी संपत्ती राखून ठेवतात, त्या वयात या गृहस्थांनी नातवंडांना काम ठेवले. नातू एडवर्ड नॉर्टन हा नामवंत चित्रपट अभिनेता पुढे याच संस्थेच्या विश्वस्त मंडळावर आला.

या कार्यालाही मर्यादा होत्या. बाल्टिमोरच्या सँडटाउन वस्तीत संस्थेने १९९० च्या दशकात मोठा खर्च करून घरे सुधारली, पण रोजगार आला नाही आणि दारिद्र्य हटले नाही. घर ही कुटुंबाची पहिली गरज असली, तरी एकमेव गरज नव्हे, हा धडा त्यातून मिळाला.

महाराष्ट्राला या चरित्रात आपला प्रश्न दिसल्यावाचून राहणार नाही. १९७० मध्ये स्थापन झालेल्या ‘सिडको’ने नवी मुंबई वसविली ती याच तत्त्वावर: जमीन विकसित करून विकावी आणि त्या पैशातून शहर घडवावे. येथे जमीन गुप्तपणे खरेदी केली गेली नाही, ती कायद्याने संपादित झाली. वाढीव मोलातील वाट्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये उरण भागातील शेतकऱ्यांना गोळ्या झेलाव्या लागल्या. विकसित भूखंडाच्या रूपाने साडेबारा टक्क्यांचा वाटा त्यांना मिळाला तो त्यानंतर. खरेदी असो वा संपादन, मूळ शेतकऱ्याचा हक्क दोन्हीकडे शेवटी आठवला गेला.

राउस यांची कंपनी २००४ मध्ये दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. तिचे नाव व्यापारजगतातून मागे पडले. शहर उभे आहे आणि गरिबांच्या घरांसाठी काढलेली संस्था चालू आहे. जमिनीच्या व्यापाऱ्याने मागे काय ठेवले, याची मोजणी त्याच्या ताळेबंदात होत नाही; त्याने पाडलेल्या भूखंडांवर कोणाची मुले वाढली आणि कोणाच्या मुलांना दाराबाहेर राहावे लागले, यावर ती होते. राउस यांनी या दोन्ही प्रश्नांना सामोरे जाण्याचे धैर्य दाखविले. सोळाव्या वर्षी ज्याचे घर गेले, त्याला दुसरा प्रश्न विसरणे बहुधा शक्यच नव्हते.