मुस्तफाचा गेम घरात आणावा का?

हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो. पण घरखर्चाची वही लिहिणाऱ्या बाईला विचारून पाहा. हौसेला मोल असते आणि ते कुणाला तरी भरावे लागते.

गेल्या वर्षीच्या रमजान ईदनंतरची गोष्ट. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाचा शनिवारी सकाळी फोन आला. तिकडे शुक्रवारची रात्र. सलाम-दुआ झाली आणि त्याने एकदम विचारले, “आपा, तुला मुस्तफा आठवतो?”

न आठवून कसे चालेल? नव्वदच्या दशकात आमच्या गावात एसटी स्टँडसमोर एक व्हिडिओ गेम पार्लर होते. छोटासा गाळा, दारावर पडदा, आत चार यंत्रे आणि रुपयाला एक टोकन. ज्या खेळासाठी पोरे रांग लावत, त्याचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ मध्ये काढला. हे लांबलचक नाव कुणाला धड म्हणता येत नसे आणि त्याची गरजही पडली नाही. त्यातल्या चार नायकांपैकी पिवळ्या टोपीवाल्याचे नाव मुस्तफा होते, तेवढे पोरांना पुरले. देशभरातल्या पार्लरांत तो खेळ ‘मुस्तफा’ म्हणूनच ओळखला गेला. आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांना तर तो आपल्याच गल्लीतला वाटायचा.

भाऊ तेव्हा बारा वर्षांचा होता. अब्बांच्या किराणा दुकानाची वही मी लिहीत असे. गल्ल्यात रोज दोन-तीन रुपये कमी भरू लागले. ते कुठे जातात हे मला वहीपेक्षा त्याच्या चेहऱ्यावरून आधी कळले. मी माझ्या ईदीच्या पैशांतून तूट भरून काढली आणि अब्बांना काही सांगितले नाही.

आता तोच भाऊ विचारत होता, “इकडे तशीच यंत्रे घरासाठी तयार मिळतात. चारशे डॉलरला एक. मुलगी दहाची, मुलगा सातचा. दोघांच्या हातात दोन टॅब आणि बसायला दोन कोपरे. मला दोघांना एका पडद्यासमोर उभे करायचे आहे. घेऊ का? तू हिशेब करून सांग.”

चारशे डॉलर म्हणजे आजच्या दराने तीस हजार रुपयांच्या पुढे. मी म्हटले, “दोन आठवडे दे.” त्या दोन आठवड्यांत जे कळले, ते इथे मांडते आहे. परदेशी असलेल्या आपल्या अनेक घरांत हा प्रश्न निघतो आणि इकडेही अशी यंत्रे बनवून देणारे आता आहेत.

पेटीत असते तरी काय?

हे खेळ मुळात घरासाठी नव्हतेच. जपानच्या टायटो कंपनीचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ १९७८ मध्ये आला, नामको कंपनीचा ‘पॅकमॅन’ १९८० मध्ये आणि ‘गॅलागा’ १९८१ मध्ये. माणसाइतके उंच लाकडी कपाट, त्यात जुन्या टीव्हीसारखी काचेची पिक्चर ट्यूब आणि वजन शंभर किलोंच्या पुढे. ते दुकानदाराने घ्यायचे आणि नाण्या-नाण्याने वसूल करायचे.

घरासाठीच्या छोट्या यंत्रांची मोठी लाट अमेरिकेत २०१८ मध्ये आली. आर्केडवनअप या कंपनीने जुन्या कपाटाच्या पाऊणपट आकाराची, सुमारे चार फूट उंचीची यंत्रे तीनशे ते चारशे डॉलरला बाजारात आणली. खोक्यात एमडीएफच्या फळ्या सुट्या येतात आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्या घरीच जोडायच्या असतात. १७ इंची एलसीडी पडदा, बाजूला जुन्यासारखी चित्रे, आत छोटा संगणकी बोर्ड आणि त्यात ठरावीक खेळ भरलेले. पुढे याहून मोठी आणि महाग मॉडेलेही निघाली. अॅटगेम्स कंपनीचे ‘लेजंड्स अल्टिमेट’ तर पूर्ण उंचीचे आहे. त्यात २४ इंची पडदा आणि तीनशेहून अधिक खेळ आहेत.

एक गोष्ट नीट समजून घ्यावी. अशा यंत्रात कंपनीने रीतसर परवाना घेतलेले खेळच असतात. पॅकमॅनच्या पेटीत ‘स्ट्रीट फायटर’ मिळेल असे नाही. आणि मुस्तफा? तो खेळ मार्क शुल्ट्झ या चित्रकाराच्या कॉमिकवर बेतलेला आहे आणि त्यातले गाडीचे नाव जनरल मोटर्सचे. मालकी अशी अनेकांच्या हातात आहे. घरगुती यंत्रांवर हा खेळ अधिकृतपणे कधी आलाच नाही. म्हणजे भावाचा जीव ज्या खेळात अडकला होता, तोच त्या पेटीत नव्हता. हे सांगितल्यावर फोनवर बराच वेळ शांतता होती.

चारशे डॉलरचा हिशेब

अमेरिकेत जुन्या काळी एका खेळाला पाव डॉलरचे नाणे लागे. त्या हिशेबाने चारशे डॉलरमध्ये १६०० खेळ होतात. रोज एक खेळ झाला, तर यंत्र चार-साडेचार वर्षांत वसूल. आठवड्यातून चारच झाले, तर पावणेआठ वर्षे लागतील. पहिल्या महिन्यात सगळे घर खेळते, पाहुणेही खेळतात. खरा प्रश्न चौथ्या महिन्याचा असतो. तेव्हा खेळणारे कुणी उरले नाही, तर त्या पेटीवर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या जमतात. व्यायामाच्या सायकलींचे काय होते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

जुन्या वस्तूंच्या बाजारात कमी वापरलेली अशी यंत्रे मिळतात, ती याच कारणाने. कुणाचा तरी चौथा महिना आलेला असतो.

कुठे मन खट्टू होते?

पहिली गोष्ट उंचीची. चार फुटांचे यंत्र सात वर्षांच्या मुलाला बरोबर येते, पण बापाला वाकावे लागते. खाली फूटभर उंचीचे लाकडी बैठक-खोके ठेवले की ते मोठ्यांनाही जमते, पण त्याचा खर्च बहुधा वेगळा पडतो. दुसरी गोष्ट रुंदीची. दोन मोठी माणसे शेजारी उभी राहिली की कोपराला कोपर लागते. तिसरी गोष्ट जागेची. पेटी दीड-दोन फुटांत बसते, पण खेळणाऱ्याला मागे दोन-तीन फूट मोकळे हवेत. दोन खोल्यांच्या घरात ही जागा कुणाची तरी काढून घ्यावी लागते.

चौथी गोष्ट खेळांच्या स्वभावाची आहे. ते नाणी गिळण्यासाठी बनवलेले होते. दोन-तीन मिनिटांत खेळाडू हरावा आणि त्याने पुन्हा खिशात हात घालावा, अशीच त्यांची रचना. घरी नाणे लागत नाही. मारामारीच्या खेळात मेल्यावर बटण दाबले की पुन्हा जिवंत होता येते. मग अख्खा खेळ एका संध्याकाळी संपतो आणि उद्यासाठी काहीच उरत नाही. म्हणून घरात नियम हवा: एका वेळी एकच डाव, हरलो की बाजूला व्हायचे.

स्वस्तातल्या वाटा

फक्त खेळच हवे असतील, तर पेटीची गरज नाही. कॅपकॉमने २०१८ मध्ये सात जुन्या मारामारीच्या खेळांचा संच साधारण वीस डॉलरला काढला. तो टीव्हीला जोडलेल्या खेळयंत्रावर किंवा संगणकावर चालतो. जोडीला दोन चांगल्या जॉयस्टिक घेतल्या, तरी खर्च पेटीपेक्षा बराच कमी होतो.

हौशी लोक स्वतःच पेटी बनवतात. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक २०१२ मध्ये आला आणि हे काम सोपे झाले. जुनी यंत्रे संगणकावर जशीच्या तशी चालवणारी ‘मेम’ ही प्रणाली तर १९९७ पासून आहे. सुतारकामाची आवड असलेल्या बापलेकांसाठी हा सुट्टीतला उत्तम उद्योग ठरेल. पण प्रणाली वापरणे वेगळे आणि खेळांच्या प्रती कुठून तरी उतरवून घेणे वेगळे. बाजारात ‘हजारो खेळ एकाच पेटीत’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या यंत्रांत मुस्तफाही सापडतो, आणि मोह तिथेच होतो. मूळ मालकांची परवानगी नसलेला माल तो. दुसऱ्याचा हक्क मारून आणलेली वस्तू घरात हौसेने मांडायची का, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे. भावाला मी एवढेच म्हटले, “गल्ल्यातले रुपये एकदा पुरे झाले.” तो हसला.

मग पेटीचे पैसे कशाचे?

स्वस्तातल्या वाटा असताना पेटीसाठी जास्त पैसे का द्यायचे? पेटीचा एक गुण खरा आहे. ती एका जागी उभी असते आणि दुसरे काहीही करत नाही. तिच्यात जाहिरात येत नाही, निरोप वाजत नाही, एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होत नाही. मूल उभे राहून खेळते, दहा मिनिटांत पाय दुखतात आणि ते बाजूला होते. ती उशाशी घेऊन झोपता येत नाही. जास्तीचे पैसे आपण या लाकडासाठी देतो.

दुसरा गुण मला माझ्यापुरता सापडला. एसटी स्टँडसमोरच्या त्या पार्लरमध्ये मी कधी आत गेले नाही. भावाला जेवायला बोलवायला पडद्याबाहेर उभी राहून हाक मारायची, तेवढाच माझा संबंध. मुलींनी आत जायचे नाही, हे कुणी सांगावे लागत नव्हते. पॅकमॅनचा कर्ता तोरू इवातानी याने तो खेळ मुलींना आणि बायकांनाही आवडावा म्हणून बनवला होता. त्या काळी जपानमधली खेळगृहेही पुरुषांनीच भरलेली असत. पॅकमॅनमध्ये बंदूक नाही, रक्त नाही. एक गोल तोंड ठिपके खात फिरते आणि चार रंगीत भुते मागे लागतात. यंत्र घरात आले की दारावरचा पडदा जातो. बहीण, आई, आजी, कुणीही उभे राहावे.

शेवटी काय केले?

मी भावाला सांगितले, आधी मुलांना एक दिवस खरी यंत्रे खेळू दे. न्यू जर्सीत अॅस्बरी पार्कच्या समुद्रकाठी सिल्व्हरबॉल नावाचे जुन्या खेळांचे ठिकाण आहे. तिथे वेळेचे पैसे भरायचे, मग प्रत्येक खेळाला नाणे लागत नाही. बहुतेक यंत्रे पिनबॉलची. तो मुलांना घेऊन गेला. मुलगा दहा मिनिटांत कंटाळेल अशी त्याला भीती होती. मुलगा नव्हे, मुलगीच निघायला तयार नव्हती.

मग त्याने थांबायचे ठरवले. ऑगस्टमध्ये घर बदलणाऱ्या एका कुटुंबाकडून पॅकमॅन आणि गॅलागा असलेले पाऊणपट यंत्र १८० डॉलरला मिळाले.

डिसेंबरमध्ये मी तिथे गेले. पॅकमॅन दोघांना एकाच वेळी खेळता येत नाही, आळीपाळीने खेळावा लागतो. मला वाटले, इथे पंचाईत होईल. झाले उलटेच. एक खेळतो आणि दुसरा शेजारी उभा राहून सल्ले देतो. टॅबवर असे कुणी कुणाला सल्ले देताना मी पाहिले नव्हते. भाचीने मला स्टिक धरायला शिकवली आणि मोडक्या मराठीत बजावले, “फुफी, भुतं निळी झाली की पळायचं नाही, खायची!” वयाच्या पन्नाशीत मी आयुष्यातला पहिला डाव खेळले. मिनिटभरात मेले.

घेण्यापूर्वी एवढे तपासा

आपल्या आवडीचे नेमके खेळ त्या पेटीत आहेत का? घरात किमान दोघे खेळणारे आहेत का? पेटी आणि खेळणारा, दोघांना जागा आहे का? परदेशातून आणत असाल, तर वाहतूक, जकात आणि अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट पाहिलेत का? जुने घेत असाल, तर प्रत्येक बटण दाबून आणि स्टिक चारही दिशांना फिरवून पाहिलीत का? या सगळ्याला ‘हो’ असेल, तर वापरलेले किंवा सवलतीतले यंत्र जरूर घ्या. कर्ज काढून किंवा हप्त्यावर मात्र नको. एकट्याच्या आठवणीसाठी घेत असाल, तर वीस डॉलरचा संच पुरे.

भावाच्या घरी यंत्राशेजारी एक वही टांगली आहे. कोण खेळले आणि किती गुण झाले, ते मुले त्यात लिहितात. सवयीने मी नोंदी मोजल्या. चार महिन्यांत ७४०. पाव डॉलरच्या दराने १८० डॉलरचे ७२० खेळ होतात, म्हणजे यंत्र वसूल झाले होते. वही मिटताना पहिल्या पानावर भावाच्या अक्षरातली एक ओळ दिसली: “आपाची ईदी, देणे बाकी.”

त्याला तेव्हाच कळले होते तर.