आधी पुस्तक, मग पाहुणा

बालभारतीच्या पाठ्यपुस्तकात धड्याच्या सुरुवातीला लेखकाची छोटीशी ओळख छापलेली असते. नावापुढे कंसात जन्माचं साल आणि पुष्कळदा मृत्यूचंही. वर्षानुवर्षं हे कंस पाहत मोठ्या होणाऱ्या मुलाची समजूत होऊन बसते की लेखक म्हणजे होऊन गेलेला माणूस. म्हणूनच एखादा बालसाहित्यिक वर्गात येऊन उभा राहिला की पहिला प्रश्न बऱ्याचदा असा येतो, 'हे पुस्तक खरंच तुम्ही लिहिलंय?' बाई हसतात, मुलं हसतात. मला मात्र हा त्या दिवसातला सर्वांत मोलाचा प्रश्न वाटतो. एसटीने आलेला, घाम पुसणारा, पाणी मागून घेणारा हा माणूस गोष्ट लिहितो, हे मुलाला त्या क्षणी कळतं. गोष्टी माणसं लिहितात हे कळलं, की आपणही लिहू शकतो हा विचार फार लांब राहत नाही. लेखकाला शाळेत बोलवायचं ते मुख्यतः यासाठी.

प्रत्यक्षात काय होतं? डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, महाराष्ट्रात २०१५पासून 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो. मुलांसाठी लिहिणाऱ्यांना आमंत्रणं येतात ती प्रामुख्याने या दोन तारखांच्या आसपास. मैदानावर सतरंज्या, पाचवी ते दहावीची सगळी मुलं एकत्र, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचं मनोगत. पाहुणे बोलायला उभे राहतात तोवर ऊन डोक्यावर आलेलं असतं आणि पुढच्या रांगेतली लहान मुलं चुळबुळायला लागलेली असतात. मग 'वाचाल तर वाचाल' या धर्तीवरचं भाषण होतं, आभार होतात, वंदे मातरम् होतं. त्या गर्दीत पाहुण्यांचं एखादं पुस्तक वाचलेलं मूल शोधून सापडत नाही, कारण ते पुस्तक शाळेत आलेलंच नसतं.

शिक्षकांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. मान द्यायचा म्हणजे व्यासपीठावर बसवायचं, ही आपल्याकडची रीत आहे आणि त्यात आपुलकीही असते. पण मुलांसाठी लिहिणाऱ्याला व्यासपीठावर बसवलं, की तो मुलांपासून नेमका तेवढाच उंच आणि लांब जातो.

मराठीत मुलं आणि त्यांच्यासाठी लिहिणारा यांचं नातं एकेकाळी अगदी वेगळं होतं. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. छात्रालयातल्या मुलांसाठी ते स्वतःच्या हातानं लिहून 'छात्रालय' नावाचं दैनिक काढत. १९२८मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिक सुरू केलं. म्हणजे ज्यांच्यासाठी लिहायचं ती मुलं आजूबाजूलाच होती. त्यांची आजारपणं, रुसवे, घरची आठवण हे सगळं गुरुजींच्या रोजच्या पाहण्यातलं होतं. आज लिहिलेलं कुणाला भिडलं आणि कुणी नुसतंच उलटून ठेवलं, हे दुसऱ्या दिवशी दिसायचं. पुढे १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहून झालं आणि १९३५मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्या पुस्तकाची रचना आठवून पाहा. त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. श्याम रोज रात्री बोलतो, भोवती बसलेले ऐकतात, मध्येच कुणी विचारतं, कुणी गहिवरतं. मराठीतलं मुलांचं सर्वांत जास्त वाचलं गेलेलं पुस्तक हे असं सांगण्या-ऐकण्याच्या बैठकीत बांधलेलं आहे. मला तरी यात योगायोग दिसत नाही. मुलांसमोर बोलण्याची सवय असलेल्या माणसाची वाक्यं कागदावरही छोटी राहतात, आणि ऐकणारा कुठे कंटाळेल हे त्याला आधीच ठाऊक असतं.

गुरुजी १९५०मध्ये गेले. त्यानंतर प्रकाशभाई मोहाडीकर यांच्या पुढाकाराने साने गुरुजी कथामाला सुरू झाली. शाळाशाळांतून, वस्त्यांमधून मुलांना गोष्टी सांगायच्या, एवढंच साधं काम. साठ-सत्तरच्या दशकांत वाढलेल्या अनेकांना कथामालेतली एखादी तरी गोष्ट आणि ती सांगणाऱ्याचा आवाज आजही आठवतो. तिथे हार नव्हते. गोष्ट आणि ती ऐकायला आलेली मुलं, इतकंच होतं.

लेखकाची भेट चांगली व्हावी असं वाटत असेल तर कामाला सुरुवात तीन-चार आठवडे आधी करावी लागते, आणि ते काम लेखकाचं नसतं. ते वर्गशिक्षकाचं किंवा ग्रंथपालाचं असतं. लेखकाची दोन-तीन पुस्तकं निवडायची, प्रत्येकाच्या शक्य तितक्या प्रती आणायच्या, रोज एखाद्या तासाच्या शेवटची दहा मिनिटं मोठ्यानं वाचायचं आणि मग पुस्तकं मुलांच्या हाती सोडायची. ती फाटतील, चुरगळतील. कपाटाला कुलूप घालून जपलेल्या पुस्तकांनी आजवर कुणाला वाचायला शिकवलेलं नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असणं बंधनकारक केलं आहे, त्यात गोष्टींच्या पुस्तकांचा स्पष्ट उल्लेख आहे. तरीही अनेक शाळांत ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतलं लोखंडी कपाट, आणि त्याची किल्ली मुख्याध्यापकांच्याच खणात.

पुस्तक आधी वाचून झालं असेल तर काय फरक पडतो, हे प्रश्नांवरून कळतं. न वाचलेला वर्ग विचारतो, 'आपणांस लेखनाची प्रेरणा कुठून मिळाली?' हा प्रश्न बाईंनी चिठ्ठीवर लिहून दिलेला असतो. वाचलेला वर्ग असं काही विचारत नाही. माधुरी पुरंदरे यांची 'यश'ची पुस्तकं घ्या. त्यात शब्द त्यांचे आणि चित्रंही त्यांचीच. घरातल्या रोजच्या गोष्टी, हट्ट, भीती, मोठ्यांचं बोलणं. ही पुस्तकं हाताळलेलं पहिली-दुसरीतलं मूल थेट चित्रावर बोट ठेवून विचारतं की हे असं का काढलंय, हा माणूस कोण, तो आता कुठे गेला. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचणाऱ्या मुलांना तर लेखकापेक्षा फुरसुंगीच्या बनेश फेणेतच रस असतो. तो एवढा किडमिडीत असून घाबरत कसा नाही, त्याचं पुढे काय होणार? अशा प्रश्नांना उत्तर देताना लेखकाला खरं बोलावं लागतं, कारण समोरच्याला पुस्तक पाठ असतं.

संख्येचं भानही हवं. एका वेळी एक वर्ग, फार तर दोन. बालवाडीतल्या मुलांना वीस मिनिटं पुरतात, सातवी-आठवीची मुलं दीड तासही बसतात, पण दोघांना एकत्र बसवलं तर दोघांचंही नुकसान. माइक नसला तर उत्तमच. आणि लेखकाने काय करावं? माझं मत असं की उपदेश सोडून काहीही. अनिल अवचट मुलांमध्ये गेले की कागदाच्या घड्या घालत, बासरी वाजवत, गप्पा मारत. साहित्य अकादमीने २०१०मध्ये बालसाहित्य पुरस्कार सुरू केले, तेव्हा मराठीतला पहिला पुरस्कार त्यांच्याच 'सृष्टीत... गोष्टीत'ला मिळाला होता, पण वर्गात ते पुरस्कारविजेते म्हणून जात नसत. एखादा चौकोनी कागद मुलांच्या डोळ्यांदेखत पक्षी होतो, तेव्हा घडवण्याची रीतच मुलांपुढे उलगडते. लेखकांनी आपले कच्चे खर्डे न्यावेत, खाडाखोड दाखवावी, तीनदा बदललेला शेवट वाचून दाखवावा. शुद्धलेखनासाठी लाल शाई सोसणाऱ्या मुलाला लेखकाच्या वहीतली काटाकाट पाहून केवढा धीर येतो, हे ज्यांनी पाहिलं आहे ते विसरत नाहीत.

ब्रिटनमध्ये याची रीतसर व्यवस्था आहे. तिथे १९९९पासून 'चिल्ड्रन्स लॉरिएट' हे पद आहे. क्वेंटिन ब्लेक हे त्याचे पहिले मानकरी. कवी टेड ह्यूज आणि लेखक मायकेल मॉर्पर्गो यांच्या गप्पांतून ही कल्पना निघाली. निवडलेला लेखक किंवा चित्रकार साधारण दोन वर्षं मुलांच्या पुस्तकांसाठी देशभर फिरतो, बोलतो. ज्युलिया डोनाल्डसन यांनी आपल्या काळात, २०१२मध्ये, ग्रंथालयांचा मोठा दौरा केला. त्या नुसतं बोलत नाहीत, मुलांकडून गोष्ट वठवून घेतात. पण या मानाच्या पदापेक्षा मला तिथली दुसरी एक कल्पना अधिक आवडते. वेल्समधल्या एका प्राथमिक शाळेने २०१२च्या सुमारास एका लेखिकेला आपली वाचनाची पालक केलं. एकदा येऊन निघून जायचं नाही, तर काही वर्षं त्या शाळेशी नातं ठेवायचं. मधूनमधून यायचं, पत्रं लिहायची, मुलांनी काय वाचलं ते विचारायचं. पुढे ही पद्धत इतर शाळांनीही उचलली. आपल्याकडे हे करायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. तालुक्याच्या गावी राहणारा, मुलांसाठी लिहिणारा एखादा शिक्षक-कवी आणि जवळची एखादी शाळा एवढं पुरे.

अर्थात प्रत्येक शाळेत लेखक पोहोचू शकत नाही. पालघर जिल्ह्यात 'क्वेस्ट' या संस्थेचा 'गोष्टरंग' हा उपक्रम या अडचणीवर वेगळा मार्ग काढतो. नाटकाचं शिक्षण घेतलेले तरुण आदिवासी भागातल्या आश्रमशाळांमध्ये जाऊन बालसाहित्यातल्या गोष्टी सादर करतात. लेखक येत नाही, त्याची गोष्ट येते, माणसांच्या अंगातून, आवाजातून. रंगलेली गोष्ट पाहिलेलं मूल मग तेच पुस्तक हातात घेतं तेव्हा अक्षरांशी झगडायला तयार होतं, कारण पुढे काय आहे हे त्याला माहीत असतं आणि ते पुन्हा हवं असतं.

आता पैशांविषयी, कारण त्यावर कोणी उघड बोलत नाही. गायकाला, जादूगाराला, स्नेहसंमेलनाच्या मांडववाल्याला शाळा पैसे देते. लेखकाला मात्र नारळ आणि फार तर प्रवासखर्च. त्याचा पूर्ण दिवस गेलेला असतो, कधी आदली रात्रही. मुलांच्या पुस्तकांवर मिळणाऱ्या मानधनात घर चालवणारे लेखक मराठीत बोटांवर मोजण्याइतकेच. शाळेने मानधनाचा आकडा आमंत्रणातच लिहावा. जिथे खरोखरच पैसे नाहीत तिथे लेखकाच्या पुस्तकांच्या प्रती विकत घ्याव्यात आणि त्या वर्गात ठेवाव्यात. स्मृतिचिन्हावर होणाऱ्या खर्चात सहज दहा-बारा पातळ चित्रपुस्तकं येतात.

जिल्हा परिषदेच्या लहान शाळांसाठी हे आणखी सोपं होऊ शकतं. त्यांची केंद्रं आधीच आहेत, एका केंद्रात साधारण दहा-बारा शाळा, वर केंद्रप्रमुख, आणि शिक्षकांची महिन्याला शिक्षण परिषद. एका केंद्राने मिळून एक लेखक निवडावा, पुस्तकांचा एकच संच आलटून पालटून सगळ्या शाळांत फिरवावा आणि सगळीकडे वाचून झाला की लेखकाला पाच-सहा दिवस मुक्कामाला बोलवावं. सकाळी एक शाळा, दुपारी दुसरी. मुक्काम कुणा शिक्षकाच्या घरी, खर्च दहा शाळांत वाटून. त्यानंतर मुलांनी लेखकाला पत्रं लिहावीत, ती शिक्षकांनी न तपासता पाठवावीत, आणि आलेलं उत्तर फळ्याशेजारी, मुलांचा हात पोहोचेल एवढ्या उंचीवर लावावं.