नामांतर, मराठवाडा विद्यापीठाचे

औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथील मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्यासंबंधीचा महाराष्ट्रातील दीर्घकालीन वाद (१९७८–९४). बहुमताचा निर्णय आणि अल्पसंख्यांचे मत यांची सांगड कशी घालावी, हा समूहनिर्णयातील मूलभूत प्रश्न या वादात विशेष तीव्रतेने पुढे आला.

जॉन स्ट्यूअर्ट मिल याने १८६१ मध्ये प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा पुरस्कार केला, तो अल्पमताचा आवाज सभागृहात उमटावा म्हणून. भारतीय परिस्थितीत एवढे पुरेसे नाही, असे आंबेडकरांचे प्रतिपादन होते. राजकीय बहुमत घडते आणि मोडते, त्यात कोणासही प्रवेश असतो. जातीय बहुमत मात्र जन्मानेच ठरलेले असते, असा भेद त्यांनी भाषिक राज्यांवरील १९५५ च्या ग्रंथात केला. याच ग्रंथात त्यांनी मराठी भाषिक प्रदेशाची चार राज्ये सुचविली होती व त्यांतील एकात मराठवाड्याचा समावेश होता.

औरंगाबादशी आंबेडकरांचा संबंध शिक्षणकार्यातून आला. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये तेथे महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. विद्यापीठाची स्थापना १९५८ मध्ये झाली. त्यास आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी संमत केला. लगेचच मराठवाड्यात हिंसाचार उसळला. खेडोपाडी दलितांची घरे जाळण्यात आली, काहींच्या हत्या झाल्या, अनेक कुटुंबे गाव सोडून गेली. विद्यापीठाचे नाव अधिनियमात असल्याने ते बदलण्यास अधिनियमाची दुरुस्ती आवश्यक होती. ती लांबणीवर पडली.

या वादात बहुमत नेमके कोणाचे, हे गणनेची सीमा कोठे आखली त्यावर अवलंबून होते. विधिमंडळात मराठवाड्याचे प्रतिनिधी अल्पसंख्य (विधानसभेच्या २८८ जागांपैकी आजही ४६). त्यामुळे हा निर्णय बाहेरून लादला गेला, अशी तक्रार तेथे करता आली. प्रदेशापुरते पाहिल्यास दलित हेच अल्पसंख्य होते. विरोधकांत गोविंदभाई श्रॉफ आणि अनंत भालेराव यांच्यासारखे हैदराबाद मुक्तिसंग्रामातील मान्यवर होते. निजामी राजवटीविरुद्धच्या लढ्याने ‘मराठवाडा’ या नावास जो अर्थ दिला, तो पुसला जाऊ नये, ही त्यांची भूमिका होती. ती विचारार्ह होती. परंतु खेड्यांतील हल्ल्यांमागे जमीन, मजुरी आणि सार्वजनिक जीवनातील दलितांचे वाढते स्थान यांविषयीचा रोष होता. विद्यापीठाच्या नावाशी त्यांतील कित्येकांचा दूरान्वयानेही संबंध नव्हता. प्रादेशिक अल्पमताचा युक्तिवाद अशा रीतीने त्याच प्रदेशातील दुर्बलतर अल्पसंख्यांविरुद्ध उपयोगात आला.

त्यानंतर शासनाने सर्वसंमतीची वाट पाहिली. वरकरणी ही वृत्ती समंजस वाटते. तथापि दंगलीच्या भयाने निर्णय थांबतो, तेव्हा नकाराधिकार प्रत्यक्षात दंगल करू शकणाऱ्यांच्या हाती जातो. प्रतीक्षेचा भार मागणी करणाऱ्यांवरच पडला. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली १९७९ मध्ये नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. पुढील काळात सत्याग्रह व कारावास यांची मालिकाच सुरू राहिली. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेड येथे गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले.

अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचे ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असे नामकरण झाले. मूळ नाव न काढता त्यापूर्वी आंबेडकरांचे नाव जोडण्यात आले. या तडजोडीस ‘नामविस्तार’ म्हणतात. १९७८ च्या ठरावातील मागणी यात पूर्णतः मान्य झालेली नाही, असे अनेक आंबेडकरवाद्यांस वाटत राहिले, तरी १४ जानेवारी हा दिवस विद्यापीठाच्या प्रवेशद्वारी मोठ्या समुदायाने साजरा होतो. त्याच वर्षी १७ सप्टेंबर रोजी, म्हणजे हैदराबाद मुक्तिदिनी, या विद्यापीठाचे विभाजन करून नांदेड येथे नवे विद्यापीठ स्थापन करण्यात आले. त्यास मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव देण्यात आले असून त्यातही ‘मराठवाडा’ हा शब्द कायम आहे.