झेंडा दुप्पट, कागद किती?

मुलांनो, शिक्षकांचंसुद्धा गणित चुकतं बरं का! माझं कसं चुकलं, ती गंमत आज सांगते.

१५ ऑगस्टला आम्ही वर्गाच्या भिंतीवर घोटीव कागद चिकटवून तिरंग्याचं चित्र करतो. एका वर्षी ते ९० सेमी लांब आणि ६० सेमी रुंद केलं होतं. केशरी पट्ट्याला ३० सेमी लांब, २० सेमी रुंद असे ३ कागद पुरले. पुढच्या वर्षी मुलं म्हणाली, "बाई, यंदा दुप्पट मोठा करू या!" म्हणजे १८० सेमी लांब, १२० सेमी रुंद. मी झटकन हिशेब केला. झेंडा दुप्पट, तर कागदही दुप्पट! केशरी ६ आणि हिरवे ६ कागद आणले.

१४ ऑगस्टची संध्याकाळ. सहाही केशरी कागद एका ओळीत लावले. लांबी बरोबर भरली, पण पट्टा अर्धाच झाला! दुकान तर बंद. आता काय करायचं?

तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "बाई, झेंडा रुंदीनंही दुप्पट झालाय ना!"

अगदी बरोबर! लांबी दुप्पट, रुंदीही दुप्पट. २ × २ = ४. म्हणजे क्षेत्रफळ चौपट! एका पट्ट्याला १२ कागद हवे होते. उरलेला भाग मुलांनी रंगीत खडूंनी रंगवला, म्हणून आमची लाज राखली गेली.

मग नुसती लांबीच दुप्पट केली असती तर? कागद पुरले असते, पण चित्र एकाच बाजूनं ताणलं जाऊन अशोकचक्राचं अंडं झालं असतं! आकृती लहान-मोठी करताना सगळ्या बाजू एकाच पटीत बदलायच्या आणि कोन मात्र तेच ठेवायचे. अशा आकृत्यांना 'समरूप' म्हणतात.

आपल्या राष्ट्रध्वजाचंच पाहा. २००२ च्या ध्वजसंहितेत त्याची नऊ मापं दिली आहेत. सर्वांत लहान १५० × १०० मिलिमीटर, तर सर्वांत मोठं ६३०० × ४२०० मिलिमीटर! पण लांबी-रुंदीचं प्रमाण सगळीकडे ३:२ च. चक्राचे आरे २४, म्हणून शेजारच्या दोन आऱ्यांमधला कोन प्रत्येक झेंड्यात १५ अंशांचाच. मोठा झेंडा लहानापेक्षा ४२ पट लांब आणि ४२ पट रुंद आहे. मग कापड किती पट? ४२ × ४२, म्हणजे तब्बल १७६४ पट!

आता तुमची पाळी. चौकटीच्या वहीत ३ घरं लांब, २ घरं रुंद आयत काढा. मग तिप्पट लांब-रुंद आयत काढून आतली घरं मोजा. किती पट झाली?

आणि संध्याकाळी आईबाबांना एक कोडं घाला. १० सेमी व्यासाच्या पुरीला जेवढी कणीक लागते, त्याच्या किती पट कणीक तेवढ्याच जाडीच्या २० सेमी व्यासाच्या पोळीला लागेल? पाहा बरं, तेही माझ्यासारखेच फसतात का!