तारखेची जागा कोरी

दादरा-नगर हवेलीतल्या दुधनीला हल्ली लोक मधुबन धरणाच्या पाण्यात होडीतून फिरायला येतात. १९५४च्या पावसाळ्यात इथल्याच डोंगरांच्या दिशेने पोर्तुगीज कॅप्टन फिदाल्गो आपले पोलिस घेऊन सिल्वासातून निसटला. खानवेल गाठलं, पण ११ ऑगस्टला उधव्याला त्याला शरण यावं लागलं. पोर्तुगीजांकडून हा मुलूख सोडवण्याच्या मोहिमेचा ‘डी-डे’, म्हणजे हल्ल्याचा ठरलेला दिवस, कोणता, असं कुणी विचारलं तर मात्र पंचाईत होते.

‘डी’ म्हणजे नुसता दिवस आणि ‘एच’ म्हणजे तास, त्यात गूढ काही नाही. अमेरिकेच्या फर्स्ट आर्मीच्या ७ सप्टेंबर १९१८च्या हुकुमात ही अक्षरं आढळतात. ज्यासाठी तो हुकूम होता, तो सां-मिहिएलचा हल्ला झाला १२ तारखेला. लग्नपत्रिका छापून तयार, मुहूर्ताची जागा तेवढी कोरी, असा हा प्रकार. दारूगोळा ‘डी उणे दोन’ला, पूल ‘डी अधिक एक’ला. तारीख सरकली तरी हुकूम नव्याने लिहावे लागत नाहीत, आणि कागद शत्रूच्या हाती पडला तरी त्याला दिवस कळत नाही. नॉर्मंडीत खराब हवेमुळे ५ जूनचा डी-डे ६ जूनवर गेला. भरती-ओहोटी सगळीकडे एका वेळी नसल्याने ‘एच’ही किनाऱ्यागणिक वेगळा: अमेरिकनांचा साडेसहाला, ब्रिटिशांचा तासाभराने. गोव्याच्या ‘ऑपरेशन विजय’चा मूळ डी-डे १४ डिसेंबर १९६१, सरकत सरकत तो १८ला आला.

नगर हवेलीत असा कागदच नव्हता. फ्रान्सिस मस्करेन्हस यांच्या युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सने २१ जुलैच्या रात्री दादरा घेतलं. आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या स्वयंसेवकांनी २८ला नरोली घेतली. २ ऑगस्टला सिल्वासा पडलं. ते घेणाऱ्या तुकडीत राजा वाकणकर होते, गायक-संगीतकार सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरेही होते. गट निराळे, तारखा ज्याच्या त्याच्या. कुठल्याही सेनापतीने कपाळाला हात लावला असता, कारण दादरा पडल्यावर सिल्वासाला सावध व्हायला अकरा दिवस मिळाले.

पण सावध होऊन करणार काय? दमणहून कुमक आणायची तर वाट भारताच्या हद्दीतून, आणि ती भारताने अडवलेली. गनिमाची रसद तुटली होती, म्हणूनच ही ढिलाई परवडली, असं माझं मत. पोर्तुगालने वाटेचा हा वाद हेगच्या न्यायालयात नेला. सैन्य नेण्याचा हक्क त्याला नाही, असा निकाल १२ एप्रिल १९६०ला लागला. तोवर सिल्वासात वरिष्ठ पंचायतीचा कारभार रुळला होता.